पितळेतला गंधार

ब्रास बँडवर नाट्यपद सुरू झालं की आपल्याकडे माणसं ते चटकन ओळखतात, आणि ओळख पटली की पुढे चालू लागतात. वरातीच्या कुठल्याशा वळणावर 'नाथ हा माझा'ची सुरावट येते, कडेला उभे असलेले एखादे आजोबा मान डोलावतात, तोवर सिनेमातलं गाणं लागलेलं असतं. बँडच्या वाट्याला नाट्यसंगीत येतं ते असं, रस्त्यावरचं आणि घाईचं. ते थांबून ऐकण्यासारखं व्हावं, नीट ध्वनिमुद्रित होऊन राहावं, हे माझ्या मनात फार दिवस होतं. मी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करते. सांगली-मिरजेकडच्या माणसाला नाटक आणि बँड या दोन्ही गोष्टी घरच्याच. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. मिरजेत तंतुवाद्यं घडवणाऱ्यांच्या आळीवरून वरात गेली की तारा जुळवतानाचा आवाज आणि ट्रम्पेट एकाच वेळी कानावर येतात.

ज्या बँडबरोबर हे काम झालं त्याचे मास्तर साठीच्या पुढचे. घर सनईवाल्यांचं. आजोबा सनई वाजवत, वडिलांनी क्लॅरिनेट धरलं, यांनी ट्रम्पेट. नाट्यपदं त्यांना वडिलांकडून आली आणि वडिलांनी ती नाटकाच्या थिएटराबाहेर उभं राहून उचलली होती. मी गेले तेव्हा म्हटलं, "मास्तर, फक्त नाट्यपदं वाजवायची आहेत. वरात नाही, नाच नाही. निवांत, बसून." ते म्हणाले, "नाट्यपदं वाजवू की ताई. पण बसून न्हाई जमायचं. हुबं राहूनच वाजवू."

बँडचा धंदा लग्नसराईवर. आषाढ लागला की गणपतीचे दिवस सोडले तर तुळशीच्या लग्नापर्यंत सुपारी नसते. वादकांपैकी कुणी रंगकाम करतो, कुणी भाजीची गाडी लावतो, कुणी शेतावर जातो. त्यामुळे आम्ही पावसाळाच निवडला. मंगल कार्यालयंही तेव्हा रिकामी असतात आणि भाडं कमी पडतं. ध्वनिमुद्रणाला ती जागा सोयीची मुळीच नव्हती. शहाबादी फरशी, उघड्या भिंती, वर पत्रा. सरीवर सर आली की वादन थांबवावं लागे. पण बँडचा आवाज ज्या मोकळ्या जागेत श्वास घेतो ती स्टुडिओच्या खोलीत मिळत नाही, हे माझं मत होतं आणि अजूनही आहे. आम्ही भिंतींना घराघरांतून आणलेल्या वाकळा टांगल्या, खाली जाजमं अंथरली आणि सगळ्यांना चपला काढायला लावल्या. बँडवाला वाजवताना एका पायावरून दुसऱ्या पायावर तोल देत असतो. रस्त्यावर चालून चालून लय त्याच्या पायात गेलेली असते. एकदा त्यांना खुर्च्यांवर बसवून पाहिलं. सूर तेच होते, पण वाक्यं लांबेनात, पोटातून येणारी फुंक छातीत अडकली. मास्तर उभं राहण्यावर का अडून बसले होते ते कळलं. सगळं ध्वनिमुद्रण अनवाणी आणि उभ्यानेच झालं.

वाद्यांबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा खटाटोप त्यांच्या स्वभावाशी होता. तीन ट्रम्पेट, चार क्लॅरिनेट, दोन युफोनियम, एक आल्टो हॉर्न, एक मोठा बेस, साइड ड्रम आणि बास ड्रम. क्लॅरिनेट लाकडी वाद्य, तरी आपल्या बँडमध्ये ते पितळेच्या बरोबरीने पुढे चालतं. बरीचशी वाद्यं मेरठची. मेरठ शहरात नादिर अली यांचा कारखाना १८८५पासून बँडची वाद्यं बनवत आला आहे आणि देशातल्या बहुतेक बँडांच्या खांद्यावर तिथलंच पितळ असतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा या बँडची खोली बुडाली होती. ढोलांची कातडी कुजली, क्लॅरिनेटची पॅडं फुगून निकामी झाली. पितळी वाद्यं गाळातून काढून, चिंच लावून घासून, वॉल्व्ह तेलात भिजवून पुन्हा उभी केली. त्यातल्या एका ट्रम्पेटचा दुसरा वॉल्व्ह अजूनही जरा उशिरा वर येतो, आणि तो वाजवणारा मुलगा त्या उशिराचा हिशेब बोटातच धरून वाजवतो.

एक युफोनियम मात्र जुनं विलायती होतं. ते इतरांशी जुळेचना. किती ओढलं तरी वर. विलायतेतले ब्रास बँड १९६०च्या दशकापर्यंत नेहमीच्या पट्टीपेक्षा जवळजवळ अर्ध्या सुराने चढी पट्टी वापरत असत, आणि हे वाद्य त्या काळातलं. मिरजेतल्याच एका कारागिराने त्याच्या जुळणीच्या नळीला पितळेचा तुकडा जोडून लांबी वाढवून दिली. मग ते खाली आलं, आणि त्याच्या आवाजाची जी गोलाई आहे ती नव्या वाद्यांत मला कुठेच ऐकू आली नाही.

पदं निवडताना संगीत रंगभूमीचा सगळा प्रवास थोडक्यात यावा असं मनात होतं. सुरुवातीला 'शाकुंतल'ची नांदी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं. त्या नांदीने आजही किती तरी प्रयोगांचा पडदा वर जातो. मग 'सौभद्र'मधलं कृष्णाचं पहाटेचं पद, 'प्रिये पहा', देसकारातलं. 'मानापमान'मधून 'चंद्रिका ही जणू'. 'स्वयंवर'मधून दोन, यमनातलं 'नाथ हा माझा' आणि बिहागातलं 'मम आत्मा'. शेवटी 'कट्यार काळजात घुसली'मधलं 'घेई छंद'. पहिल्या नाटकांच्या संगीतकारांना जाऊन साठाहून कितीतरी जास्त वर्षं लोटली आहेत, त्यामुळे त्या चाली आता सगळ्यांच्या आहेत. 'कट्यार'चे संगीतकार अभिषेकीबुवा १९९८मध्ये गेले, म्हणून त्या पदासाठी रीतसर परवानगी घेतली. बँडच्या जगात कुणी असलं काही विचारत नाही; पण छापील कागदावर संगीतकाराचं आणि वादकांचं नाव यायचं असेल तर कामाची सुरुवात तिथूनच करावी लागते.

यमनाशी आमचा बराच काळ गेला, आणि मला सर्वांत जास्त मिळालं तेही तिथेच.

बँडचे ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ज्या पट्टीचे असतात ती पेटीवरची काळी पाच. एकही वॉल्व्ह न दाबता ट्रम्पेटमधून जे सूर निघतात ते काळी पाचला षड्ज मानला तर षड्ज, पंचम, तार षड्ज, तार गंधार, तार पंचम असे येतात. हे सूर कुणी बनवलेले नाहीत. नळीतल्या हवेचे ते स्वतःचे आहेत. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो आणि ट्रम्पेटचा हा मोकळा तार गंधार एकाच नियमाने जन्मतात. पेटीचा आणि माझ्या ऑर्गनचा गंधार त्याहून किंचित चढा असतो, कारण त्या वाद्यांत सप्तकाचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. तो फरक मी आयुष्यभर ऐकत आले आहे. गायक गंधारावर थांबला की माझा हात पट्टीवरून अलगद निघतो, म्हणजे दोन गंधार एकमेकांवर येत नाहीत.

मास्तरांनी अंतऱ्यात तार गंधार लावला आणि तो असा बसला की क्लॅरिनेटवाल्या पोरांनी वाद्यं खाली घेऊन त्यांच्याकडे पाहिलं. पण खाली मध्य सप्तकातला गंधार आला की काहीतरी खुपायचं. मास्तर म्हणायचे, "ओठ आज बरोबर न्हाईत." ओठांचा दोष नव्हता. मध्य गंधार पहिला आणि दुसरा वॉल्व्ह एकत्र दाबून काढतात, आणि दोन वॉल्व्ह एकत्र आले की सूर हवा त्यापेक्षा थोडा चढाच पडतो. म्हणजे एकाच वाद्यात वरचा गंधार तंबोऱ्याचा आणि खालचा पेटीच्याही वरचा. यमनात याला माफी नाही, कारण यमनाचा जीव गंधारात आहे.

वाट निघाली ती मास्तरांच्या बोटांतूनच. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी एक युक्ती सांगितली होती: सूर चढत असेल तर एक-दोनच्या जागी नुसता तिसरा दाब. तिसऱ्या वॉल्व्हची नळी या दोघांच्या बेरजेपेक्षा जराशी लांब असते, त्यामुळे सूर उतरतो. वरातीत कुणाला एवढी सवड नसते म्हणून ती युक्ती बाजूला पडली होती. तिघा ट्रम्पेटवाल्यांनी मध्य गंधारासाठी ती पुन्हा बोटांत घेतली. सवयीची बोटं मोडणं फार अवघड असतं. तिशीतल्या एकाला ते शेवटपर्यंत जड गेलं आणि त्याच्या वाट्याचे गंधार मी युफोनियमला दिले. रिषभासाठी तिसऱ्या वॉल्व्हची नळी बोटाने पुढे ढकलायची, हेही तसंच जुनं शिक्षण वर आलं. या माणसांना शास्त्र शिकवायला कुणी गेलं नव्हतं, पण शास्त्रातलं जेवढं हाताला लागतं तेवढं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं होतं.

मग सुरांची बैठक. तंबोरा ठेवायचा की नाही यावर बराच खल झाला. मला तो नको होता. पितळेतूनच षड्ज-पंचम उभे राहायला हवे होते. बेसला षड्ज दिला, आल्टो हॉर्न आणि दुसऱ्या युफोनियमला पंचम. अडचण श्वासाची. तार वाजत राहते, माणसाला श्वास घ्यावा लागतो, आणि सगळ्यांना तो समेवरच घ्यावासा वाटतो. मी नियम घातला: समेवर कुणीही श्वास घ्यायचा नाही. एकाने सहाव्या मात्रेवर, दुसऱ्याने अकराव्यावर, तिसऱ्याने मध्ये जिथे हलकं वाटेल तिथे. आणि सोडताना सूर विझवत न्यायचा, परत येताना हळूच मिसळायचं. हे साधायला सर्वांत जास्त सराव लागला. साधल्यावर कार्यालयात जे काही भरून राहायचं त्याला मी तंबोरा म्हणणार नाही. ते वेगळं होतं, अधिक जड आणि अधिक उबदार, आणि मास्तरांच्या गंधाराला त्याने आधार दिला.

मला ऑर्गनवाली म्हणून एक मोह होता, सुरांखाली सूर रचण्याचा. पाश्चात्त्य बँडसाठी नाटकाचं संगीत लिहिणारे लोक तेच करतात आणि त्यांच्या संगीताला ते शोभतं. माझा निवाडा असा झाला की साकी, दिंडी अशा छंदांच्या चालींना, नांदीला, थोडी सुरांची जोड मानवते. त्या चाली कीर्तनातून, लोकांच्या गळ्यातून आलेल्या, थोडक्या सुरांत फिरणाऱ्या. नांदीत मी युफोनियम आणि आल्टोला वेगळी चाल दिली आणि ती छान उभी राहिली. रागातल्या पदाखाली मात्र जोडसूर घातले की राग दुसरीकडेच बघायला लागतो. देसकार आणि भूप यांचे सूर तेच. फरक आहे तो धैवतावर राहायचं की गंधारावर राहायचं याचा. खाली एक भरघोस स्वरमेळ ठेवला की तो फरक पुसला जातो. 'प्रिये पहा'खाली म्हणून षड्जाशिवाय काही ठेवलं नाही. देसकार वरच्या अंगाने चालणारा, काळी पाचमध्ये ट्रम्पेटच्या ओठांना सोसवेना, तेव्हा षड्ज काळी दोनवर आणला.

पट्टी बदलली की बँडमध्ये गोंधळ होईल असं बाहेरच्यांना वाटतं. झाला नाही, आणि त्याचं श्रेय भातखंडे पद्धतीच्या लिपीला. मी सगळ्यांना एकच कागद दिला, सारेगममधला. ट्रम्पेटचा षड्ज कुठे, आल्टोचा कुठे, एवढंच ज्याचं त्याने लक्षात ठेवायचं. अक्षरओळख बेताची असलेले दोघे तो कागद ऐकून पाठ करत. फक्त एकासाठी मला पाच रेघांवर लिहावं लागलं.

तो होता ट्रॉम्बोनवाला. आपल्या बँडांत ट्रॉम्बोन आता क्वचित दिसतो, आणि मला तो हवाच होता, कारण पितळेच्या वाद्यांत खरी मींड त्याच्याकडेच आहे. नळी सरकत जाते आणि सूर वाटेतल्या प्रत्येक श्रुतीवरून जातो. गोव्यातल्या सासष्टीमधले एक वयस्क वादक यायला तयार झाले. इगर्जीच्या संगीतशाळेत शिकलेले. त्या शाळांनी मुंबईच्या सिनेसंगीताला किती माणसं दिली हे आता सर्वांना ठाऊक आहे, सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त, १९५१मध्ये, चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट ऐकू येतो तो त्याच मातीतला. मी समजत होते की त्यांना नाट्यपदं नवी असतील. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाय, जत्रेत आमच्या वाड्यावरून देवळाकडे रात्रभर नाटकं चालायची. मी फेस्ताला वाजवून यायचो आणि मग नाटकाला जाऊन बसायचो." 'मम आत्मा'चे शब्द त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा नीट पाठ होते.

शब्द पाठ असणं ही या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ठरली.

बँड चाल वाजवतो. चालीत शब्द नसतात, म्हणून श्वास कुठेही घेतला तरी चालतो, आणि प्रत्येक सुराला जिभेचा सारखाच ठोका बसतो. बँडवरचं नाट्यपद ओळखू येतं पण भिडत नाही, याचं कारण मला इथे सापडलं. गायक जिथे अक्षर उच्चारतो तिथे सुराला कड असते. अक्षर लांबवून त्याची आस पुढच्या सुरांवर नेतो तिथे कड नसते, प्रवाह असतो. वादकाची जीभ ही त्याची अक्षरं आहेत. म्हणून मी कागदावर सुरांच्या खाली पदाचे शब्द लिहिले आणि नियम केला: नवं अक्षर तिथे जीभ, आस तिथे फक्त फुंक. जोडाक्षराला जीभ जोराची. लघू अक्षरावर सूर सोडून द्यायचा, गुरू अक्षरावर टेकायचं. आणि श्वास शब्द पुरा झाल्याखेरीज घ्यायचा नाही, मग दम कितीही कमी पडो.

त्यासाठी वाद्यं बाजूला ठेवून पदं म्हणून घेतली. पहिल्यांदा पोरं लाजली. मास्तरांनी मोठ्याने म्हणायला सुरुवात केल्यावर सगळे म्हणू लागले. 'नाथ हा माझा' रुक्मिणी कुणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हणते, तिच्या भावाचा विरोध काय, हे मी सांगितलं. 'स्वयंवर' १९१६चं, बालगंधर्व रुक्मिणी करत, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी. तबल्यावर अहमदजान थिरकवांसारखा माणूस गंधर्व मंडळीत बसलेला. पदाच्या दोन ओळींच्या मधली जागा सारंगी आणि ऑर्गन कशी भरत हे ऐकवलं, आणि ती भरणी मी दुसऱ्या युफोनियमला आणि क्लॅरिनेटांना वाटून दिली. मुखडा पहिल्या युफोनियमचा, जुन्या विलायतीचा. त्याचा पल्ला माणसाच्या गळ्याजवळचा आहे, आणि शब्द डोक्यात ठेवून ते वाजलं तेव्हा पद बोलू लागलं. अंतरा मास्तरांच्या ट्रम्पेटचा. मी त्या क्षणी वहीत काही लिहायचं विसरून नुसती ऐकत राहिले.

'घेई छंद'च्या जलद ताना ट्रम्पेटच्या वॉल्व्हला झेपण्यासारख्या नव्हत्या. त्या क्लॅरिनेटवाल्यांनी वाजवल्या, चौघांनी वाटून, एकाची तान दुसऱ्याने मधूनच उचलत. वसंतराव देशपांड्यांचा गळा डोक्यात असलेल्या माणसाला ते वेगळं वाटेल. मला वाटलं, आणि आवडलं.

हळू वाजवणं ही दुसरी मोठी लढाई. रस्त्यावर गाड्या, फटाके आणि अलीकडे समोरच्या मिरवणुकीतली डॉल्बी यांच्यावर आवाज चढवायचा, ही या माणसांची रोजची गरज. मास्तर म्हणाले, "जोरात वाजवायला दम लागतो ताई, हळू वाजवायला ओठ लागतो. ओठ आमचा गेलाय सगळ्यांचा." सरावाच्या सुरुवातीला सगळे मिळून नुसता षड्ज लावायचे, जेमतेम ऐकू येईल इतका, आणि तो न थरथरता धरायचा. ट्रम्पेट टांगलेल्या वाकळेकडे तोंड करून वाजवायचे. साइड ड्रमच्या खालच्या तारा सोडवल्या, काठ्यांना कापड गुंडाळलं, बास ड्रमच्या कातडीला आतून दाब दिला. त्रितालातली खाली दाखवायला तबलजीला बायाँ बंद करावा लागतो; इथे बास ड्रम गप्प राहिला की खाली आपोआप आली.

ध्वनिमुद्रण करणारा तरुण कोल्हापूरचा. त्याची सवय प्रत्येक वाद्य वेगळं वाजवून घ्यायची आणि कानात ठोक्याचा आवाज देऊन लय बांधायची. मी दोन्हीला नकार दिला. पदाची लय ठोक्यावर बांधली की अंतऱ्यात जाताना जी किंचित ओढ घेतली जाते ती मरते. त्याने कुरकुर न करता मग जागेचाच विचार केला. ट्रम्पेटचा आवाज सरळ पुढे जातो, युफोनियमचा तोंड वर असल्याने छताकडे, क्लॅरिनेटचा बोटांखालच्या भोकांतून सगळीकडे. त्याने क्लॅरिनेट पुढे घेतली, युफोनियम मधे, ट्रम्पेट मागे आणि कोनात, ढोल सर्वांत मागे, आणि समोर दोन माइक. बाकी सगळा समतोल वादकांनी आपल्या फुंकेने साधायचा. एक गोष्ट त्याने आम्हाला शिकवली: पितळ गार असलं की सूर उतरलेला, वाजवून आणि दुपारच्या उष्म्याने तापलं की चढलेला, म्हणून सकाळचा तुकडा दुपारच्या तुकड्याला जोडता येणार नाही. प्रत्येक पद सलग वाजवायचं, आवडलं नाही तर पुन्हा अख्खं. बँडवाल्यांना ते मुळीच जड वाटलं नाही. सलग दोन-तीन तास वाजवणारी माणसं ती.

मला काहींनी विचारलं, विलायती वाद्यांवर आपलं नाट्यसंगीत कशाला? ऑर्गन तरी कुठे आपला होता? आणि विलायती वाद्यांचा बँड मराठी माणसाला नवा नाही. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे, ज्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२, त्यांनी दरबारात असा बँड ठेवला होता. वाद्य ज्याने पिढ्यान्‌पिढ्या ओठाला लावलं त्याचं असतं. पुण्यात मानाच्या गणपतींपुढे प्रभात आणि दरबार बँडचं वादन ऐकायला आजही लोक थांबतात. पण बाकी गावांत बँडची जागा आधी बेंजोने घेतली, मग डॉल्बीने. आमच्या मास्तरांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. नातू मात्र सरावाच्या वेळी येऊन बसायचा आणि आल्टोवाल्याकडून वाद्य मागून घ्यायचा.

ध्वनिमुद्रण पुरं झालं. वेष्टणावर प्रत्येक वादकाचं नाव आणि वाद्य छापलं. काहींनी आपलं नाव छापलेलं प्रथमच पाहिलं असावं, कारण त्यांनी ते घरी न्यायला जादा प्रती मागून घेतल्या.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या गावात बँड असेल तर पुढच्या कार्याची सुपारी देताना वरातीखेरीज अर्धा तास वेगळा मागा. मांडवात, जेवणाआधी, माइक बंद ठेवून. महिनाभर आधी मास्तरांना दोन नाट्यपदांची नावं सांगा, शब्द कागदावर लिहून द्या आणि सरावाचे पैसे वेगळे मोजा. आणि पाहुण्यांना म्हणावं, जरा बसा.